तलावांचा साठा छापता, तसं राणीबागेत काय फुललंय तेही छापा

मा. संपादकसाहेब,
स.न.वि.वि.

तुमचा पेपर आमच्याकडे माझ्या वडिलांच्या वेळेपासून येतो. तेव्हा ते मिलमध्ये होते आणि पेपर सकाळी आमच्या दारात पडून अख्ख्या मजल्यावर फिरून संध्याकाळी परत घरी यायचा, तोपर्यंत शब्दकोडं कोणीतरी पेनानं सोडवून टाकलेलं असायचं. आता मी रिटायर आहे, पेपर माझा एकट्याचा, शब्दकोडंही माझं एकट्याचं, आणि रिकामा माणूस पेपर कसा वाचतो तुम्हाला माहितीच असेल, टेंडर नोटीससुद्धा सोडत नाही. त्यामुळे तुम्ही रोज काय काय छापता ते मला तोंडपाठ आहे. सोन्याचा भाव, भरती-ओहोटी, सूर्योदय-सूर्यास्त, राशिभविष्य, आणि पावसाळा लागला की तानसा, भातसा, मोडकसागर, विहार, तुळशी, दोन्ही वैतरणा, सगळ्यांचा साठा टक्क्यांत. ते वाचून मी काय करतो? काही नाही, पण वाचल्याशिवाय चहा जात नाही.

तर माझी मागणी एवढीच आहे की आठवड्यातून एकदा, शुक्रवारी म्हणा किंवा शनिवारी, ह्या सगळ्याच्या शेजारी एक चार ओळींची चौकट टाका. भायखळ्याच्या राणीबागेत ह्या आठवड्यात कुठलं झाड फुललंय आणि ते कुठल्या बाजूला आहे. बस. फोटो नको, लेख नको, कविता तर अजिबातच नको.

आता हे खूळ डोक्यात कुठून शिरलं ते सांगतो, जरा लांबण लागेल.

मी बेस्टमध्ये कंडक्टर होतो, ३१ वर्षं. त्यातली बरीच वर्षं भायखळ्याच्या बाजूचे रूट. म्हणजे हिशेब करा, दिवसातून किती वेळा मी "चला राणीबाग, राणीबागवाले पुढे या" असं ओरडलो असेन. रविवारी आणि मे महिन्यात तर अर्धी बस तिथेच खाली व्हायची, पोरं टिफिनच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन उड्या मारत उतरायची, एखादी बाई हमखास विचारायची की हत्ती आहे ना हो अजून, आणि मी आहे म्हणायचो, असो वा नसो. पण मी स्वतः आत किती वेळा गेलो? लहानपणी दोनदा, मुलाला घेऊन तीन-चारदा, आणि नातवाला पेंग्विन दाखवायला एकदा. प्रत्येक वेळी काय बघितलं तर प्राणी. झाडं होती, हो, सावली होती म्हणजे झाडं असणारच. पण झाड हे बघायचं असतं हे मला वयाच्या ६३व्या वर्षी, मुंबईपासून दोन हजार किलोमीटरवर जाऊन कळलं.

ह्या जानेवारीत आम्ही दोघं एका सहल कंपनीबरोबर कोलकाता-पुरी-कोणार्क करून आलो. कंपनीचं नाव घेत नाही, त्यांचं जेवण चांगलं होतं. कार्यक्रमाचा छापील कागद दिला होता, त्यात तिसऱ्या दिवशी दक्षिणेश्वर, बेलूर मठ आणि मग "बोटॅनिकल गार्डन, जगप्रसिद्ध वटवृक्ष, ४० मिनिटं". दार्जिलिंग चहाच्या दुकानाला दीड तास होता हे जाता जाता सांगून ठेवतो.

हे गार्डन हावड्याच्या बाजूला शिबपूरला आहे, एकदम हुगळीच्या काठावर. आता त्याला आचार्य जगदीशचंद्र बोसांचं नाव आहे. १७८७ मध्ये कंपनी सरकारच्या रॉबर्ट किड नावाच्या कर्नलनं काढलं, जहाजं बांधायला सागवान होतंय का, मसाल्याची झाडं इथे जगतात का, अशा धंद्याच्या हिशेबानं. त्याच्यानंतर रॉक्सबर्ग नावाचा साहेब आला, त्यानं देशभरातून झाडं जमवून त्याला खरं गार्डन केलं. साधारण २७० एकर आहे, म्हणजे आपल्या राणीबागा पाच मावतील. आणि ह्याला चाळीस मिनिटं! टूर मॅनेजर पोरगा गोड होता, म्हणाला, "काका, वडाकडे जायचं, ग्रुप फोटो काढायचा, बाथरूम आणि बस." आम्ही तसंच केलं. फोटोत मी आहे, माझ्या मागे पारंब्या आहेत, आणि माझं तोंड बसच्या दिशेला आहे.

रात्री हॉटेलवर आमच्या मिसेस म्हणाल्या, अहो, त्या झाडाला खोडच दिसलं नाही मला. मी म्हटलं असेल आत कुठेतरी. ती म्हणाली नाही, मी बघत होते, नव्हतंच. आता ही बाई दर वटपौर्णिमेला वडाला दोरा गुंडाळत आलेली आहे, खोड कुठे असतं हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहिती. दुसऱ्या दिवशी "शॉपिंग आणि आराम" होता, तर आम्ही दोघांनी नाष्टा करून कलटी मारली. विद्यासागर सेतूवरून बसनं गेलो, कंडक्टरला मी सांगितलं की मी पण कंडक्टर, मुंबईचा, तो इतका खूश झाला की आमच्या स्टॉपला त्यानं स्वतः उतरून रस्ता दाखवला, मागचे लोक बोंबलत होते तरी.

आणि मिसेसचं बरोबर निघालं. त्या वडाला मूळ खोड नाहीच. झाड अडीचशे वर्षांच्या वरचं आहे, १८६४ आणि १८६७ च्या वादळांत मार बसला, मग खोडाला बुरशी लागली आणि १९२५ मध्ये मधलं खोड कापून काढलं. म्हणजे शंभर वर्षं हे झाड निव्वळ पारंब्यांवर उभं आहे, तीन हजारांच्या वर पारंब्या, त्यातल्या जुन्या अशा जाड की दोन माणसांनी कवेत घ्याव्या. वरचा पसारा दीड हेक्टरच्या वर, वानखेडेच्या हिरवळीएवढा तरी धरा. आत उभं राहिलं की झाड बघतोय असं वाटतच नाही, गिरणीच्या खात्यात उभं राहिल्यासारखं वाटतं, खांबच खांब आणि वरून गाळून आलेला उजेड. कोवळ्या पारंब्यांना बांबूच्या नळीतून खाली आणतात, बाळाचा हात धरून चालवावं तसं, की जमिनीला टेकेपर्यंत कोणी ओरबाडू नये. एका ठिकाणी ती नळी आणि त्यातून बाहेर आलेलं पांढरं मऊ टोक मी पाच मिनिटं बघत बसलो, हाताच्या करंगळीएवढं असेल, जमिनीपासून वीतभर राहिलं होतं.

झाडाभोवती एक रस्ता केलेला होता, ३३० मीटरचा. झाड आता त्याच्याही बाहेर गेलंय. मिसेसनी हिशेब केला की ह्याला सात फेऱ्या मारायच्या तर सव्वादोन किलोमीटर होतात आणि दोऱ्याची किती रिळं लागतील देव जाणे, आमच्याकडे आपली बाजारातली दहा रुपयांची फांदी पुरते. एक फेरी आम्ही मारली. दुसरीला तिचा गुडघा बोलायला लागला.

मग दिवसभर आम्ही नुसते फिरलो. एक झाड आहे तिथे, त्याला सगळे पागल झाड म्हणतात, इंग्रजीतही तेच नाव आहे. त्याचं एक पान दुसऱ्यासारखं नाही. खोटं वाटेल, मलाही वाटलं. खाली पडलेली पानं गोळा करून ओट्यावर मांडली, एक बदामासारखं, एक कातरलेलं, एक असं की उंदरानं अर्धं खाल्लंय, एक अगदी सरळ शहाणं. एकाच झाडाची. त्यातली तीन मी घरी आणलीयत, रेल्वेच्या टाईमटेबलात घालून. तिथे कृष्णवडही बघितला, पानाच्या देठाशी द्रोणासारखा खोलगा असतो, कृष्ण त्यात लोणी लपवायचा म्हणतात. मिसेस म्हणाल्या, लपवलं असेल, पण किती मावणार त्यात, एक चमचा.

दुपारी गेटबाहेरून झालमुडी आणून एका बाकावर बसलो होतो, तिथे शेजारी एक बंगाली आजोबा येऊन बसले. जानेवारीतलं मुंबईकरांना पंखा लावावासा वाटेल असं ऊन, आणि ह्यांच्या डोक्यावर माकडटोपी. दादा दादा करत गप्पा सुरू झाल्या, ते रोज येणारे होते. त्यांनी मोबाईल काढून एका फुलाचा फोटो दाखवला. काय सांगू साहेब. फांदीवरून दोन-अडीच फुटांचा झुंबरासारखा घोस खाली सोडलेला, तांबड्या-गुलाबी रंगाचा, एकेका फुलाचे लांब देठ बाजूला हात पसरल्यासारखे, आणि पाकळीच्या टोकाला हळदीचं बोट लावावं तसा पिवळा ठिपका. अ‍ॅमहर्स्टिया म्हणाले. ब्रह्मदेशातलं झाड. ह्याच गार्डनचा मुख्य साहेब, वॉलिक, मूळचा डेन्मार्कचा, तो १८२७ मध्ये तिकडे गेला होता, साल्वीन नदीकाठी एका ओसाड मठाच्या बागेत त्याला हे दिसलं, आणि जवळच्या गुहांमध्ये बुद्धाच्या मूर्तींपुढे ह्याचीच फुलं ओंजळी ओंजळीनं वाहिलेली. त्यानं गव्हर्नर जनरलच्या बायकोचं नाव दिलं, लेडी अ‍ॅमहर्स्ट. रानात हे झाड सापडतच नाही म्हटलं तरी चालेल, बी क्वचित धरतं, गुटी बांधून वाढवावं लागतं. मी म्हटलं कुठाय, चला बघू. तर हसले आणि म्हणाले, "अभी नहीं दादा, फागुन में आइए."

फागुन में. आता फागुनात आम्ही कुठले परत हावड्याला येतोय! ते फूल आपल्या नशिबात नाही असं धरून मी गीतांजली एक्सप्रेसमध्ये बसलो आणि घरी आलो.

एप्रिलमध्ये शेजारच्यांची मुलगी आली होती, बॉटनी घेऊन कॉलेजात आहे. तिला मी पागल झाडाची पानं दाखवली आणि ह्या फुलाचं सांगितलं, आमच्या नशिबात नव्हतं वगैरे. ती म्हणाली, "अहो काका, उर्वशी! राणीबागेत आहे की."

साहेब, राणीबागेत. आमच्या घरापासून चालत गेलो तर वीस-पंचवीस मिनिटं, आणि मी ३१ वर्षं त्या स्टॉपवर लोकांना उतरवत होतो. मराठीत त्याला उर्वशी म्हणतात हेही मला तेव्हाच कळलं.

दुसऱ्याच दिवशी जाणार होतो, पण बुधवार निघाला, बुधवारी बाग बंद असते. गुरुवारी सकाळी गेलो. विचारत विचारत झाड सापडलं. मोठं नाही, मध्यम उंचीचं, कोवळी पानं तांबूस आणि अशी लुळी लोंबलेली की पाणी कमी पडलंय असं वाटावं, पण ती तशीच असतात म्हणे, मग हिरवी होऊन ताठ होतात. फूल एकही नाही. खाली सुकलेले दोन-तीन देठ. तिथे एक मावशी झाडू मारत होत्या, त्यांना विचारलं. म्हणाल्या, "ती झुंबरं? ती शिमग्याला असतात. आता कशी मिळतील?" आणि झाडू मारत पुढे गेल्या.

आता गंमत बघा. मी संगमेश्वरकडचा. कोकणातला माणूस गणपतीला आणि शिमग्याला गावी जाणार म्हणजे जाणार, नोकरीत असताना साहेबाच्या पाया पडून रजा घ्यायचो. ह्या वर्षीही आठ दिवस पालखी नाचवायला गेलो होतो. म्हणजे जेव्हा ती बुद्धाच्या पायाशी वाहायची फुलं भायखळ्यात लटकलेली होती, तेव्हा मी गावाला होतो, आणि तो म्हातारा फागुन फागुन म्हणत होता ते माझ्या डोक्यात शिरलं नाही की फागुन म्हणजे आपला शिमगाच. कोणी पेपरात दोन ओळी छापल्या असत्या तर मी गावाहून दोन दिवस आधी आलो असतो. बरं, आधी नसतो आलो, खोटं कशाला बोलू, पण पालखी भंडारली की पहिल्या गाडीनं आलो असतो.

गावाला ह्या गोष्टी छापाव्या लागत नाहीत. सुरंगी फुलली की वासावरूनच वाडीभर कळतं, पोरं पहाटे अंधारात झाडावर चढतात कारण ऊन आलं की कळी उमलते आणि गजऱ्याला उपयोग नाही. कोणाची सुरंगी आधी आली, कोणाचा फणस ह्या साली धरला नाही, हे सगळं तोंडी चालतं. मुंबईत आम्ही पाच-पाच मजले एकावर एक राहतो, पण बहावा फुललाय हे एकमेकांना सांगत नाही. गुलमोहर तेवढा कळतो कारण तो बसच्या टपावर पडतो.

मग त्या दिवशी उर्वशी नाही तर नाही, म्हटलं आलोय तर बघून घेऊ. आणि खरं सांगतो, पहिल्यांदा राणीबाग बघितली. तीन हजारांच्या वर झाडं आहेत आत, पावणेतीनशेहून जास्त जातींची, आणि ही बाग मुळात झाडांसाठीच काढलेली आहे, प्राणी नंतर आले. आधी बागायतीवाल्या साहेबांच्या एका सोसायटीची बाग शिवडीला होती, ती जागा गोऱ्या लोकांच्या कबरस्तानाला हवी झाली, मग बाग भायखळ्याला आली. १९ नोव्हेंबर १८६२ ला गव्हर्नरच्या बायकोनं, लेडी फ्रिअरनं, तिचं उद्घाटन केलं. तेव्हाचं व्हिक्टोरिया गार्डन, म्हणून राणीची बाग, आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. शिवडीची बस घ्यायचो तेव्हा ते कबरस्तान रोज दिसायचं, तिथे कधीकाळी बाग होती हे स्वप्नातही आलं नसतं. आणि काळा घोडा, म्हणजे फोर्टातला तो घोड्यावरच्या राजाचा पुतळा, तोही आतच आहे, १९६५ पासून, हे तरी किती जणांना माहिती, लोक अजून फोर्टात काळा घोडा कुठाय म्हणून विचारत फिरतात.

कैलासपतीपाशी तर मी अर्धा तास होतो. ह्याची फुलं फांदीला नाही, खोडाला येतात, बुंध्यापासून वर सगळं खोड दोरखंडांनी जखडल्यासारखं दिसतं आणि त्या दोरांवर ही मोठी गुलाबी-केशरी मांसल फुलं, आत शंकराची पिंडी आणि वर नागाचा फणा. त्याच खोडाला तपकिरी तोफगोळे, म्हणजे फळं. मी उभा होतो तेव्हा एक कुटुंब आलं, बाप, आई, दोन पोरं, पेंग्विनकडे निघालेलं. धाकटा थांबला. "पप्पा, हे काय?" बापानं चालता चालता सांगितलं, "कवठ आहे, चल." पोरगं म्हणालं, "कवठ खोडाला कुठे येतं?" बरोबर बोलला की नाही? पण बाप पुढे गेला होता. मी त्या पोराला म्हटलं, हे कैलासपती, फळ फुटलं तर असा घाण वास येतो की तू पळून जाशील, दक्षिण अमेरिकेतून आलंय. पोरानं वर बघितलं, खाली पडलेलं एक फूल उचललं, फणा उघडून आत बोट घातलं आणि ओरडलं, "आई, ह्यात महादेव आहे!" मग आई मागे आली. मग बाप पण आला. पेंग्विन दहा मिनिटं उशिरा बघितले त्यांनी, पेंग्विनला काय फरक पडतो.

पेंग्विनवर माझा राग नाही हं. नातवाला ते फार आवडतात, आणि त्यांची जातही पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरची आहे, बर्फातली नाही, हे मला तिथेच समजलं. पण त्यांना बघायला रांग आहे, आणि गोरखचिंचेपाशी मी एकटा होतो. आफ्रिकेतलं झाड, हत्तीच्या पायासारखा बुंधा, त्याच्या सालीवर हात ठेवला तर हत्तीच्याच अंगावर ठेवल्यासारखं वाटतं, आणि ह्याला म्हणे शे-दीडशे वर्षं म्हणजे पोरवय.

पाट्यांचं म्हणाल तर बऱ्याच झाडांना आहेत, पाटी वाचून नाव कळतं. पण उर्वशी आज फुललीय का हे पाटी कशी सांगणार? ते रोजचं काम आहे, म्हणजे पेपरचं. भरतीची वेळ समुद्रावर पाटी लावून सांगत नाहीत, तुम्हीच छापता.

तुम्ही म्हणाल ही माहिती आणायची कोणी. बागेत रोज सकाळी वॉकला येणारे आहेत, माळी आहेत, झाडू मारणाऱ्या त्या मावशींना तर सगळ्या झाडांचं टाईमटेबल तोंडपाठ आहे, कॉलेजात बॉटनी शिकणारी पोरं आहेत, त्यातली एक आमच्या शेजारीच आहे. कोणी नाही मिळालं तर मी आहे, दर गुरुवारी सकाळी जाऊन येईन, मला पास आहे आणि वेळ तर काय, भरपूर. मानधन नको. पेपरात नाव पण नको, मिसेसना आवडणार नाही.

दुसरी शंका अशी असेल की हे वाचणार कोण. साहेब, आमच्या लालबागला गणपतीच्या रांगेत माणसं रात्रभर उभी राहतात. वेळ काढायला मुंबईचा माणूस तयार असतो, त्याला फक्त कधी आणि कुठे ते सांगावं लागतं. कोल्व्हिलिया म्हणून एक झाड आहे, मादागास्करचं, नवरात्राच्या आसपास त्याला नारिंगी घोस येतात, ही शेजारची मुलगी सांगत होती. नवरात्रात भायखळ्यावरून लाखो लोक जातात, त्यातल्या किती जणांना माहिती? मेणबत्तीचं झाड आहे, त्याच्या खोडाला पिवळ्या मेणबत्त्या लटकतात, फळंच ती, मी हात लावून बघितल्या. आणि सीतेचा अशोक, ज्याच्या नावावर आपण सोसायटीच्या कंपाऊंडला ते उंच सरळ हिरवे खांब लावतो, तो खरा अशोक बुटका असतो आणि त्याला केशरी गुच्छ येतात. आमच्याच सोसायटीत मी मीटिंगला हे सांगितलं तर सेक्रेटरी म्हणाले, आधी पाण्याच्या टाकीचा विषय संपवू.

नमुन्यादाखल ह्या आठवड्याची चौकट मी लिहून देतो, काल सकाळीच जाऊन आलोय, जूनचा पहिला आठवडा, पाऊस तोंडावर:

"राणीबाग. बहावा संपत आला, झाडाखाली पिवळा सडा आहे. ताम्हण, म्हणजे आपलं राज्यफूल, चार-दोन जांभळे तुरे शिल्लक. कैलासपती भरपूर. गोरखचिंचेला कळ्या धरल्यात, लांब देठाला हिरवे गोळे लोंबतायत. फूल संध्याकाळी उमलतं तोवर बाग बंद झालेली असते, सकाळी लवकर गेलात तर खाली पडलेलं पांढरं फूल मिळेल, मूठभर मोठं. उर्वशी नाही."

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय. तलाव रिकामा असला तरी तुम्ही शून्य टक्के छापताच ना, मग उर्वशी नाही हेही दर आठवड्याला छापा, म्हणजे पुढच्या शिमग्याच्या आधी एखाद्या शुक्रवारी ते "नाही" गेलेलं दिसलं की मी गावाची तिकिटं त्या हिशेबानं काढीन. रिझर्व्हेशन दोन महिने आधी उघडतं तेवढी अडचण आहे, ते बघू.

पत्र लांबलं, जागेअभावी कापलंत तर तक्रार नाही. सोसायटीचं कापा, झालमुडीचं कापा. चौकट तेवढी ठेवा.

आपला,
बेस्टचा एक रिटायर कंडक्टर, लालबाग